शांतव्वाच्या घरची प्रार्थना

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत शांतव्वाच्या दोन खोल्यांत दर बुधवारी कॅथलिक कुटुंबांची प्रार्थना भरायची. नवऱ्याने सुरू केलेली, त्याच्यामागे तिने नेटाने चालवलेली. आता इचलकरंजीच्या लेकीला, सुष्मिताला, जुळं झालं होतं. जावई यंत्रमागावर रात्रपाळीला. लेक फोनवर ‘ये’ म्हणत नव्हती, नुसती रडत होती. इकडे शांतव्वाचा जीव टांगणीला. खोल्या सोडून कायमचं लेकीकडे जावं तर प्रार्थना मोडणार. एवढी माणसं बसतील अशी जागा दुसऱ्या कुणाकडे नव्हती.

शेवटी फादर सायमन म्हणाले, हे एकटीने ठरवायचं नाही, सगळे मिळून देवाचं ऐकू. रीत त्यांनी समजावली. एकेकाने बोलायचं, मध्ये गप्प बसायचं, कुणी कुणाला उत्तर द्यायचं नाही. दुसऱ्या फेरीत आपलं मत नाही, दुसऱ्याच्या बोलण्यात काय ऐकलं तेवढंच सांगायचं. आता कोल्हापुरी माणसाला गप्प बसवणं म्हणजे शिक्षाच की. फुटबॉलची पोरं शिट्टीशिवाय, नुसत्या आवाजावर आवरणारा पिराजी तोंड उघडायचा आणि मुकाट मिटायचा.

शांतव्वाने मात्र मनात ठरवून टाकलं होतं. जे जड जातं तीच देवाची इच्छा, हे तिचं जुनं गणित. पाळी आली तशी ती म्हणाली, मी इथंच राहणार, देवाची तशीच मर्जी आहे. लेक काय, निभावेल. मग नातवंडांची नावं सांगितली, धाकटं झोपेत कसं हसतं तेही सांगितलं आणि एकदम थांबली.

दुसऱ्या फेरीत पिराजीने घसा खाकरला.

“अक्का, देवाची मर्जी म्हनालीस तवा तुझा आवाज पार बसला. पोरांची नावं घेतलीस ती गल्लीपतूर ऐकू गेली. म्या एवढंच ऐकलं.”

बाकीच्यांनीही तेच ऐकलं होतं. शांतव्वा फादरांवरच चिडली. “म्हंजी मी ऱ्हावं असं देवानं सांगितलंच न्हाय व्हय?”

फादर म्हणाले, देव हुकूम सोडत नाही, प्रेमाने बोलावतो. आपण काय उत्तर देतो ते बघून पुढचं पाऊल तोही टाकतो.

शांतव्वाला रडू फुटलं. फार बरं वाटतंय, म्हणाली, आणि पदराने डोळे पुसत लाजून हसली. पण लगेच काळजीने विचारलं, “मग फुडच्या बुधवारी बसायचं कुठं?”



“ते अजून देवालाबी ठावं न्हाय,” पिराजी म्हणाला. “तू जा की. आमी आन् त्यो मिळून बघतो.”