नाय करायला काय झालं

बाई गेटवरून हलत नाही, असं वॉचमन पुन्हा येऊन सांगून गेला, तेव्हा बद्रीनाथ शेजूळ यांनी स्क्रीनवरून मान वर केली. त्यांनी खिशातली हिंगाची गोळी तोंडात टाकली. बाई दुसऱ्या कुणाशी बोलायलाच तयार नव्हती. तिला शेजूळसाहेबच पाहिजे होते, कारण तिच्या मोबाइलवर आलेल्या मेसेजखाली त्यांचंच नाव होतं.

आता या नावाची गंमत सांगायला हवी. गंमत कसली, कटकटच ती. चितेगावच्या या गोळ्या-औषधं पॅक करणाऱ्या कंपनीत शेजूळ कामगारभरतीचे क्लार्क. पूर्वी गेटबाहेरच्या लाकडी बाकावर उमेदवार बसायचे. शेजूळ एकेकाला आत बोलवायचे, गाव कोणतं, शिक्षण किती, रात्रपाळी चालंल का, एवढं विचारून मोकळे व्हायचे. आता मुलाखत मोबाइलवर होते आणि ती घेतं यंत्र. एआय म्हणतात ते. गोड आवाजात मराठीतून प्रश्न विचारतं, उत्तर ऐकतं आणि कुणाला घ्यायचं, कुणाला नाही, ते परस्पर ठरवून टाकतं.

यंत्र आलं तेव्हा शेजुळांना वाटलं होतं, चला, आपल्याला नारळ मिळाला. पण कंपनीचे वकील म्हणाले, उद्या कुणी कोर्टात गेलं तर यंत्राला पिंजऱ्यात उभं करता येणार नाही, प्रत्येक नकाराखाली एका माणसाचं नाव हवं. मग निवृत्तीनंतर वर्षावर्षाच्या करारावर टिकून राहिलेला हा माणूस सगळ्यांना आठवला. यंत्राने नाकारलेली नावं स्क्रीनवर येणार, शेजुळांनी तपासून ‘मान्य’ दाबायचं. तपासायला वेळ कुणी दिलाच नव्हता, फक्त दाबायला दिला होता. काही लोक देवभोळे असतात, तसे शेजूळ यंत्रभोळे होऊन गेले.

बाईचं नाव सत्यभामा, गाव ढोरकीन. पॅकिंगच्या कामाचा चांगला अनुभव, आधीची कंपनी बंद पडलेली. तिला मेसेज गेला होता की निवड झाली नाही, कारण रात्रपाळीस नकार, तपासणी बी. के. शेजूळ. आपण असा नकार दिलाच नाही, असं तिचं म्हणणं. तिच्या वतीने पैठणच्या एका वकिलाचाही सकाळी फोन येऊन गेला होता.

एचआर मॅनेजर प्रणय पुण्याहून आलेला. वयाने शेजुळांच्या मुलाएवढा, त्यांना काका म्हणायचा. पोरगा वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. त्याने एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला.

“काका, फक्त सही करा. तुम्ही रेकॉर्डिंग स्वतः ऐकलं आणि बाईंनी स्पष्ट नकार दिला, एवढंच आहे यात.”

शेजुळांनी पेन उघडलं आणि परत बंद केलं. ऐकलं कुठे होतं? कोर्टात हात वर करून काय सांगायचं? निदान ऐकून तरी घेतो, म्हणजे सही खोटी होणार नाही, असं ते म्हणाले. प्रणयने लगेच रेकॉर्डिंग लावलं.

“आपण रात्रपाळीत काम करण्यास तयार आहात का?” यंत्राने विचारलं.

“नाय करायला काय झालं?” बाईचा आवाज ठणठणीत होता.

“आपण नाही म्हणालात. बरोबर आहे का?”

बाई हसली. “अवं, नाय म्हनून सांगते कोनाला!”

“धन्यवाद. आपले उत्तर नोंदवले आहे.”

शेजुळांना इतकं हसू आलं की हिंगाची गोळी घशात अडकायची बाकी राहिली. पण ते हसू तिथल्या तिथे विरून गेलं. प्रणय हसत नव्हता.

“दोनदा नाही म्हणाल्या की त्या,” तो म्हणाला.

“दोनदा व्हय म्हनली ती,” शेजूळ म्हणाले. ऑफिसात ते एरवी जपून पुस्तकी बोलायचे, आता गावचं तोंडात आलं. “का नाही करणार, असा अर्थ हाय त्याचा. आमच्याकडं असंच बोलत्यात.”

सकाळी त्यांनी बायकोला, सरिताबाईंना, डब्यात पिठलं देतेस का म्हणून विचारलं होतं, तेव्हा तिनेही हेच उत्तर दिलं होतं, नाय द्यायला काय झालं. डबा समोर टेबलावर होता. शेजुळांनी तो उघडून दाखवला. आत पिठलंच होतं.

प्रणयने डब्यात डोकावून पाहिलं. मग बाहेर जाऊन कंपनीच्या वकिलांशी बराच वेळ बोलला आणि उतरलेल्या चेहऱ्याने परत आला. वकिलांचं म्हणणं असं, की हे एक कबूल केलं तर पैठण रोडवरचे सगळे नाकारलेले उठून येतील. आणि प्रत्येकाच्या मेसेजखाली शेजुळांचंच नाव आहे. काकांचा करार महिनाअखेरीला संपतो, तो वाढवायचा कागद माझ्या टेबलावर आहे, हेही तो म्हणाला. धमकी म्हणून नव्हे, काकुळतीला येऊन म्हणाला.

सरिताबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात होतं आणि ते कंपनीच्या विम्यावर होतं. शेजुळांनी पेन पुन्हा उघडलं. भ्याले होते, कशाला खोटं सांगा! एक सही तर करायची होती. इतक्यांदा ‘मान्य’ दाबलंच होतं की. पण तेव्हा आवाज कानावर आलेला नव्हता. आता ती बाई कानात हसत होती.

“काका, सही करताय ना?”

शेजुळांनी पेन कागदावर आडवं ठेवलं.

“नाही,” ते म्हणाले. “मी ही सही करणार नाही.”

शाळेच्या पुस्तकातलं वाक्य. यंत्रालासुद्धा कळलं असतं.

डबा घेऊन ते गेटबाहेर आले. सत्यभामाबाई त्याच जुन्या बाकावर मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या. शेजुळांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. यंत्राने काय ऐकलं, आपण न ऐकता ‘मान्य’ कसं दाबलं, तेही. वकिलाला सांगून ते रेकॉर्डिंग मागवा, म्हणाले, आणि विचारलं तर मी येऊन सांगीन. नोकरी मिळेलच असं काही त्यांना म्हणता आलं नाही.

बाई आधी चिडल्या. न ऐकताच नाव घातलं व्हय, म्हणाल्या. शेजूळ मान खाली घालून उभे राहिले. मग बाईंचं लक्ष त्यांच्या हातातल्या डब्याकडे गेलं.

“मंग आता तुमचं काय, सायेब?”

शेजुळांनी डबा दुसऱ्या हातात घेतला. शिफ्टची बस आत गेली, वॉचमनने गेट ओढून घेतलं. बाईंनी थोडं सरकून जागा केली.

“बसता का घडीभर?”

इतक्या वर्षांत ते या बाकावर कधी बसले नव्हते.

“नाय बसायला काय झालं,” शेजूळ म्हणाले, आणि बसले.