भैयालालचं नाक

"हुंग अन् सांग," म्हणत म्हाताऱ्या मैनाबाईने बांगडा मासळीवाल्या भैयालालच्या नाकापाशी धरला.

वारासिवनीच्या बाजारात ही रीतच होती. गोंदियाहून बर्फात आलेली समुद्राची मासळी भैयालालने हुंगल्याशिवाय कोणी पिशवीत टाकत नसे. आणि गंमत बघा, दिवाळीतल्या तापापासून त्याच नाकाला कशाचा पत्ता लागत नव्हता. तरी पठ्ठ्या माशाचा कल्ला उचलायचा, डोळे मिटायचा, मान डोलवायचा. बायकोलाही त्याने कळू दिलं नव्हतं. ललिताने चुलीवरचं झाकण काढलं की हा ओसरीवरून "काय घमघमाट!" म्हणायचा. एकदा तर तिने नुसतं आंघोळीचं पाणी तापवलं होतं. तिला वाटलं, थट्टा करतोय.

आज मात्र पंचाईत झाली. कॉलेजात शिकणारी भाची प्रियंका दुकानावर बसली होती. तिने मघाशीच सांगितलं होतं, "मामा, धुराचा गॅस मुरून समुद्राचं पाणी आंबट होऊन राह्यलं. मंग काही मासोयांले वासच नाही येत. वासानं घर शोधतेत न त्या? रास्ता ही भूल जाती हैं."

"अन् मांगच्या?"

"मांगच्या तिच्याच मांगं."

म्हणजे पुढचीने 'मला येतो वास' अशी ऐट मिरवली की मागची अख्खी जत्रा खड्ड्यात. मैनाबाईकडे आज लेकीच्या सासरची माणसं जेवायला होती. बांगडा वाईट निघाला तर म्हातारीची लाज जाणार, आणि खरं बोललं तर दुकान बसणार.

"मावशी, मले वास येत नाही," भैयालाल म्हणाला. "दिवाळीपासून. तूच हुंगून पाह्य."

गिऱ्हाइकं जवळ सरकली. मैनाबाईने बांगडा हुंगला, तोंड वाकडं करून बाजूला टाकला आणि दुसरा उचलला.

"काहून लपवलं गा? आमची नाकं का शेतात ठेवून आलो आमी?"

मग जो तो कल्ले वर करून हुंगू लागला. माणसं तितकी मतं, नुसता कल्ला माजला. मासळी खपली, पण भैयालालला कोणी काही विचारेना. एवढ्या वर्षांचं मानाचं नाक ते. त्याला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं.

संध्याकाळी तो घरी पोचला तर बातमी आधीच येऊन बसली होती. ललिता रागावली नाही. तिने भात वाढला, रस्सा वाढला, वर कोथिंबीर भुरभुरली आणि समोर बसली.

"लसूण थोडा करपला आज," ती म्हणाली. "सांबार आत्ताच चिरून टाकला, त्याचा वास पयले येते. मिऱ्याचा मांगून. जेवा आता."

भैयालाल खाली मान घालून जेवू लागला. घासाघासाला ती सांगत राहिली.