रेघेच्या आतलं

शिंपिणीने आयुष्यात शेकडो पोटं लपवली होती. कुणाला कमरेला दोन चुण्या घालून दे, कुणाच्या कोटाला जाड अस्तर लाव, आणि गिऱ्हाईक आरशात बघून खूश. दिव्याखाली अंधार म्हणतात ते मात्र खरं. स्वतःच्या पोटापुढे तिची सगळी कारागिरी हात टेकत होती.

तेही तिने चालवून घेतलं असतं. पण आठ वर्षांच्या लेकीने घात केला. घरात तिला भिंगरी म्हणायचे, कारण पाय एका जागी ठरत नव्हता आणि जीभही. शाळेच्या फाटकापाशी ती मैत्रिणींना मोठ्याने सांगत होती, "आधी माझ्या आईचं पोट येतं, मग पाच मिनिटांनी आई येते!" पोरी खिदळल्या. शिंपीणही हसली, पण घरी आल्याआल्या आरशासमोर जाऊन उभी राहिली.

"पोरांचं बोलणं काय मनावर घेतेस!" नवरा म्हणाला. नणंद म्हणाली, "ऑपरेशन करून टाक." चाकूच्या नावानेच शिंपिणीच्या अंगावर काटा आला. भिंगरीच्या वेळी एकदा पोट फाडून घेतलं होतं, तेवढं पुरे होतं. मग दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने पत्ता दिला: चाकू नाही, टाके नाहीत, चरबी नुसती गोठवतात.

तिथली बाई पांढऱ्या कोटातली, मऊ आवाजाची. हर्निया आहे का, थंडीने अंगावर गांध्या उठतात का, सगळं नीट विचारलं. मग पोटाची वळी चिमटीत धरून म्हणाली, "वजन उतरणार नाही ताई, आधीच सांगते. चिमटीत येतं तेवढंच कमी होतं. मशीन ते ओढून घेतं, गोठवतं, आणि मेलेली चरबी शरीर हळूहळू बाहेर टाकतं. दोन-तीन महिने लागतात."

शिंपिणीला हे पटलं. लबाड माणसाने आधी वजनाचं गाजर दाखवलं असतं. तिने तिथेच ठरवून टाकलं.

बाईने तिच्या हातात एक जांभळं पेन दिलं. "आमच्याकडे रेघ ज्याची त्यानेच मारायची. काय जायला हवं ते तुम्हालाच ठाऊक. रेघेच्या आतलं सगळं जातं."

वीस वर्षं कापडावर खडू फिरवलेला हात तो. कापायचं असलं की शिवणीसाठी दोन बोटं बाहेरून रेघ मारायची, हे त्याला विचारावं लागत नाही. हात फिरला, गोल पुरा झाला. खाली भिंगरीच्या जन्माची आडवी खूण होती, तीही आत आली.

"इतकं?" बाईने विचारलं.

"इतकंच," शिंपीण ऐटीत म्हणाली. मापात तिला कोण शिकवणार?

मशीनने वळी ओढून घेतली. दहा मिनिटं गारठा हाडात शिरला, मग पोट आपलं राहिलंच नाही. तासाभराने बाईने ते चोळलं तेव्हा हाताखाली लोण्याचा घट्ट गोळा होता. शिंपीण चालत घरी आली.

तिसऱ्या आठवड्यात झगा सैल झाला. पाचव्यात आडवी खूण फिकटली, सहाव्यात पुसून गेली. वेडी बाई, आरशासमोर आनंदाने गिरकी घेतली तिने! त्याच सकाळी भिंगरी बूट पुढे करून म्हणाली, "नाडी बांधून देता का जरा?"

"वा, फार शहाणी झालीस!" शिंपीण म्हणाली.

मग पोरीचे हट्ट थांबले. वाढलेलं निमूट खायला लागली. एकदा अंगणात पडली, गुडघा रक्ताने माखला, आणि रडत रडत आईच्या पुढ्यातून धावत बापाकडे गेली. शिंपिणीचे पसरलेले हात तसेच राहिले.

"हिला झालंय तरी काय?" तिने नवऱ्याला विचारलं.

त्याने कप खाली ठेवला. "वेळ लागेल गं. तिने आईला पाहिलंच नाही. तू या घरात येऊन उणीपुरी दोन वर्षं होताहेत. तू जीव लावतेस, दिसतं मला."

ती हसली. तो हसला नाही. तिने कपाट उघडून जन्माचा फोटो काढला. पलंग होता, चादर होती, गुंडाळलेलं बाळ होतं. बाळ नर्सच्या हातात होतं आणि पलंग रिकामा होता.

ती तशीच चपला अडकवून त्या बाईकडे गेली. "परत आणा ते! रेघ मला दोन बोटं आत हवी होती. ती हाताची सवय होती हो, नुसती सवय!"

"गेलेलं परत येत नाही ताई," बाई मऊपणे म्हणाली. "त्याचीच तर आम्ही हमी देतो." मग तिने पेन पुढे केलं. "आठवण कुठे दुखते ते सांगा. तिथेही मारता येईल रेघ. मग काही वाटणार नाही."

शिंपिणीने पेन हातात घेतलं. मोह झाला तिला, खोटं कशाला सांगायचं? पण पोरीला जन्म दिल्याचं आता जगात एकट्या तिलाच ठाऊक होतं. तीही विसरली तर भिंगरी कुणाच्याच पोटची उरली नसती. तिने पेन टेबलावर ठेवलं. "दुखू दे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर भिंगरी शिलाई मशीनपाशी येऊन उभी राहिली, हात मागे बांधून. "एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार की."

"मी तुम्हाला आई म्हणू का?"

मशीनच्या पायट्यावरचे पाय थांबले. "म्हण," शिंपीण कशीबशी म्हणाली.

पोरीने ओठ जुळवले. "आई," ती म्हणाली. मग नाक मुरडलं. "जरा खोटं वाटतंय. उद्या परत म्हणून बघते हं."

"बघ. घाई नाही," शिंपीण म्हणाली, आणि डोळे दिसू नयेत म्हणून सुईत दोरा ओवायला वाकली.