कात्रीचे नाव

शिक्षिकेने पुन्हा एकदा कार्ड मुलीपुढे सरकवले.

"हे काय आहे? सांग बरं."

कार्डावर बारीक रेघांनी कात्री काढलेली होती. मुलीने कार्डाची कड बोटाने चाचपली आणि मान फिरवली. शिक्षिकेने समोरच्या कागदावर फुली मारली. भिंतीलगत आजीशेजारी बसलेल्या आईने बोटांत बोटे घट्ट अडकवली.

"स्वमग्न मुलांना चित्र आणि वस्तू यांची जोड लवकर लागत नाही, आजी. शब्दांच्या वर्गात ती मागे पडेल. तिला नुसतं सांभाळायच्या वर्गात ठेवू."

"सांभाळायला आम्ही खंबीर आहोत. शिकवायला तुम्ही आहात ना?"

आजी शिवणाच्या दुकानाची मालकीण. तिच्यापुढे गिऱ्हाईकही शब्द तोलून तक्रार करत असे. तिने पिशवीतून कापडात गुंडाळलेली बेतायची मोठी कात्री काढली आणि टेबलावर ठेवली.

मुलगी वळली.

"थोरली," ती स्पष्ट म्हणाली.

"म्हणजे?" शिक्षिकेने विचारले.

"माझी थोरली सून वेगळी राहायला गेली, तेव्हापासून या कात्रीला तिचं नाव. दोघींची धार सारखीच." आजीच्या चेहऱ्यावर हसू नव्हते. "ही बसलीय ती धाकटी. हिला धारच नाही, म्हणून मला यावं लागलं."

शिक्षिका हसली, पण पेन तिने खाली ठेवले नाही.

"ही एका वस्तूची खूण झाली, आजी. चित्र ओळखायला हवं. कात्री म्हणायला हवं."

"आमच्या घरात हिला कात्री कुणी म्हणतच नाही. आडातच नाही, ते पोहऱ्यात कुठून येणार? ती फुली खोडा. माझ्या नातीला नापास करायचं असेल, तर नीट विचारून करा."

शिक्षिकेने फुली खोडली, कार्ड उचलून कात्रीच्या शेजारी ठेवले आणि या वेळी काहीच विचारले नाही.

मुलीने कात्रीच्या मुठीवर तळवा ठेवला. मग चित्रावर बोट टेकवले. तिथली मूठ तिच्या नखाएवढीच होती. ती बराच वेळ इकडून तिकडे पाहत राहिली. काही सुचवायला पुढे झुकलेल्या सुनेला आजीने नजरेनेच थोपवले.

"धाकटी."

"काय, आई?" सून सवयीने उठून उभी राहिली.

आजी तिच्याकडे वळलीच नाही. मुलीचे बोट अजून कार्डावर होते.

"बस खाली," आजी म्हणाली. "मी कुठे हाक मारली?"