बाचा रविवार

आई गेल्यापासून दोन वर्षं संदीप दर रविवारी रानशेतला बाकडे, म्हणजे वडिलांकडे, जात होता. तलासरीला कृषी कार्यालयात तो क्लार्क होता, भाड्याच्या एका खोलीत राहायचा. मोटरसायकल होती, पण रविवारी तो ती काढत नसे. ताडी पिऊन हायवेला गाडी चालवायची नाही, असं त्यानं ठरवलं होतं. म्हणून सकाळची एसटी, चारोटीला उतरून डहाणूची दुसरी, आणि पुढे पाड्यापर्यंत पायी.

पोहोचेपर्यंत नऊ वाजत. बाबल्या, म्हणजे त्याचा बा, अंगणात खाटेवर बसलेला असायचा. घरामागे दोन ताड होते. चाळीस वर्षं बा स्वतः त्यांवर चढला. आता गुडघे चालत नव्हते, तेव्हा शेजारचा लक्ष्या चढायचा, अर्धी ताडी स्वतःला ठेवायचा आणि अर्धी बाला द्यायचा. ऊन चढलं की ताडी आंबते, म्हणून बा मडक्याला ओलं फडकं गुंडाळून ते सावलीत ठेवायचा. संदीप आला की दोन पेले भरायचे, बोंबील भाजायचे आणि समोरासमोर बसायचं.

शिक्षण संपेपर्यंत आईनं त्याला ताडीला हात लावू दिला नव्हता. नोकरी लागली त्या दिवशी बानंच पहिला पेला भरून दिला होता. तेव्हापासून तो सुट्टीला आला की तिघं बसत. आई बोलायची, हे दोघं प्यायचे. ती गेल्यावर दोघांच्या लक्षात आलं, की आपल्याला एकमेकांशी बोलता येत नाही. भात कसा झाला, लक्ष्याची म्हैस व्याली का, एवढं पहिल्या पेल्यात संपायचं. दुसरा पेला गप्प जायचा. दुपारी संदीप भात-डाळ रांधायचा आणि तीनच्या गाडीनं परत निघायचा. म्हातारा एकटा आहे, आपण जायलाच हवं, असं तो परतीच्या गाडीत स्वतःला सांगायचा. तसं वाटलं की बरं वाटायचं.

बाला त्यानं एक गोष्ट सांगितली नव्हती. त्याची बायको निलम सव्वा वर्षापूर्वी सहा वर्षांच्या प्रगतीला घेऊन वाणगावला माहेरी गेली ती परत आली नव्हती. भांडण असं काही झालं नव्हतं. तुझ्यासोबत राहून एकटीनं राहिल्यासारखं वाटतं, एवढंच ती म्हणाली होती. वाणगावची शाळा चांगली आहे म्हणून पोरीला तिकडे ठेवलंय, असं त्यानं बाला सांगितलं. बा ‘बरं’ म्हणाला होता.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी त्याला ट्रेनिंगसाठी पालघरला जायचं होतं. येणार नाही, असा त्यानं बाला फोन केला. शनिवारी संध्याकाळी ट्रेनिंग रद्द झालं. तेव्हा बाचा फोन लागेना. संदीप नेहमीच्या गाडीनं निघाला.

घराला कडी होती. अंगणात खाटही नव्हती. लक्ष्याची बायको कमळी विहिरीवरून येत होती. तिला विचारलं तर ती सहज म्हणाली, की बाबल्या शुक्रीकडे असेल. रविवार सोडला तर तो तिकडेच असतो, तुला ठाऊक नाही काय?

शुक्री पलीकडच्या पाड्यावरची. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. संदीपनं तिला आईच्या दिवसकार्याला पाहिलं होतं. ओहळ ओलांडून तो गेला. कुडाच्या मागे असतानाच त्याला हसणं ऐकू आलं. बा इतका मोठ्यानं हसतो, हे त्याला माहीत नव्हतं. अंगणात बा आणि शुक्री वालाच्या शेंगा सोलत बसले होते, आणि बा हातवारे करून काहीतरी सांगत होता. संदीप दिसताच त्याचा हात थांबला.

शुक्री उठली. तिनं पाणी दिलं, मग ताडीचा पेला आणून ठेवला आणि भाकऱ्या टाकायला आत गेली.

“कधीपासून?” संदीपनं विचारलं.

“गेल्या पावसाळ्याच्या आधीपासून.”

“मला सांगायचं होतंस.”

“सांगितलं असतं तर तू यायचा बंद झाला असतास.”

“मी तुझ्यासाठी येत होतो, बा. तू एकटा म्हणून.”

बा शेंगा सोलत राहिला. मग म्हणाला, “ते माहीत आहे मला. मी पण तुझ्यासाठीच जायचो त्या घरी. शनिवारी जाऊन घर झाडायचो, चूल पेटवायचो. निलम गेल्यावर तुला जायला जागा कुठं राहिली होती?”

संदीपनं पेला खाली ठेवला. बा दोनदा वाणगावला जाऊन आला होता, हे त्याला आता कळलं. पोरीसाठी चिकू घेऊन गेला होता, आणि निलमनं त्याला सगळं सांगितलं होतं. संदीपला राग आला नाही. इतके रविवार आपण या माणसासमोर बसून खोटं बोललो आणि हा ते मुकाट ऐकत राहिला, याची त्याला लाज वाटली.

जेवताना बा पुन्हा बोलू लागला. एकदा ताडाच्या शेंड्यावर मधमाश्या उठल्या आणि तो अख्खी दुपार पानांत डोकं खुपसून वर बसून राहिला होता. शुक्री हसत होती. संदीपही हसला.

“मग उतरलास कसा?”

“तुझ्या आईनं खाली ओला पेंढा पेटवून धूर केला.”

शुक्रीनं त्याच्या पानात आणखी भाकरी वाढली. आईचं नाव निघाल्यावर तिचा चेहरा बदलला नाही, हे संदीपनं पाहिलं. या अंगणात आईची आठवणसुद्धा चालत होती. रानशेतच्या घरात दोन वर्षांत त्या दोघांनी तिचं नाव एकदाही काढलं नव्हतं.

निघताना बा ओहळापर्यंत आला. “पुढच्या रविवारी इथं ये, नाहीतर वाणगावला जा,” तो म्हणाला. “त्या रिकाम्या घरात आता नको बसायला.”

संदीप वाणगावला गेला. निलमनं चहा दिला. प्रगती थोडा वेळ मांडीवर बसली आणि मग मैत्रिणींकडे पळाली. संदीप बोलला, त्याला जमेल तेवढं बोलला. निलमनं सगळं ऐकून घेतलं. मग ती शांतपणे म्हणाली, की पोरीला भेटायला हवं तेव्हा ये, मी अडवणार नाही, पण मी तलासरीला परत येणार नाही.

आता महिन्यातून एक रविवार तो वाणगावला जातो, एक शुक्रीच्या अंगणात. तिथं बा बोलतो, शुक्री बोलते आणि ताडी लवकर संपते. तिसऱ्या पेल्यानंतर ती दोघं आपापसात बोलू लागतात, तेव्हा संदीप गाडीची वेळ झाली म्हणून उठतो. गाडीला तास असतो. तो फाट्यावर जाऊन उभा राहतो.

उरलेले रविवार तो खोलीवर असतो. कपडे धुतो, शर्टांना इस्त्री करतो. एप्रिलमधल्या अशाच एका सकाळी बाचा फोन आला. बा स्वतःहून कधी फोन करत नसे.

“काय करतोस?”

“काही नाही. कपडे वाळत घालतोय.”

बानं आज ताडी कमी उतरल्याचं सांगितलं, लक्ष्याचा पाय मुरगळल्याचं सांगितलं. मग पलीकडून नुसता शुक्रीच्या कोंबड्यांचा आवाज येत राहिला. संदीपनं फोन कानाला धरून उरलेला शर्ट दोरीवर टाकला. बानंही फोन ठेवला नाही.