पाचपैकी पाच

अम्मारानं फोन कानाला लावला आणि दुसऱ्या हातानं दवाखान्याचं दार लोटून घेतलं. बाहेर हायवेचा गोंगाट चालू होता.

"तुमचं नाव कुठंही येणार नाही, डॉक्टर तांबोळी," पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली. "ऑनलाइन पदव्युत्तर कोर्सबद्दल विद्यार्थी आणि शिक्षक किती समाधानी आहेत, एवढंच संस्थेला बघायचंय. पाचपैकी गुण द्यायचे."

नाव येणार नाही म्हणे, आणि हाक मात्र नावानं! अम्माराच्या मनात पाल चुकचुकली. एक मिनिट थांबायला सांगून तिनं फोन ओढणीत दाबून धरला.

औषधांचं कपाट पुसणाऱ्या विठाबाईंनी मान वर केली.

"कोन हाय वो, बाई?"

"कोर्सवाले, मावशी. सर कसं शिकवतात विचारतायत. खरं सांगू?"

"आन सरच कान लावून बसलं आसतील तर? परीक्षा त्येच घेनार न्हवं? कशाला उगा वाकड्यात शिरताय!"

तीच तर धास्ती होती. घाटातल्या अपघाताचा पेशंट आधी कार्ले फाट्यावरच्या या दवाखान्यात यायचा, म्हणून तर तिनं तातडीच्या उपचारांचा कोर्स धरला होता. श्वासनलिकेत नळी कशी घालतात, हे तिनं पडद्यावर डोळे दुखेपर्यंत पाहिलं होतं. हातानं मात्र एकदाही घातली नव्हती. "प्रत्यक्ष करायला कधी मिळेल, सर?" असं तिनं मागं एकदा विचारलं, तेव्हा कोर्सचे सर, डॉ. सोपान काळोखे, खाली वाकले. त्यांनी कागदावर काहीतरी लिहून घेतलं आणि पुढचा विषय काढला. आपण त्यांच्या डोळ्यांवर आलो, याबद्दल तिला तेव्हापासून तिळमात्र शंका उरली नव्हती. मागच्या बॅचच्या एका तक्रारखोराला तोंडी परीक्षेत लोळवल्याचंही कानावर आलं होतं.

तिनं फोन पुन्हा कानाला लावला.

"प्रत्यक्ष सरावाची गरज वाटते का?" मुलीनं विचारलं.

"छे, सगळं छान समजतं. पाचपैकी पाच."

फोन ठेवल्यावर आपण सावध राहिलो याचं तिला बरं वाटलं. विठाबाईंनीही मान डोलावली.

पुढच्या तासाला काळोखे सर पडद्यावर आले ते उतरल्या चेहऱ्यानं.

"एक सांगायचं होतं. तुम्हा सगळ्यांना चार दिवस पुण्याच्या हॉस्पिटलात बोलवून हातानं शिकवावं, असं मी संस्थेकडं मागितलं होतं. डॉक्टर तांबोळींनी विचारलं, तेव्हाच ते टिपून घेतलं होतं. पाहणीत मी स्वतःच्या शिकवण्याला पाचपैकी एक दिला." ते जरासे हसले. "पण तुम्ही सगळे पूर्ण समाधानी निघालात. मग संस्था म्हणाली, गरजच काय?"

अम्माराला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"असो. काही अडचण?"

पडद्याच्या कडेला उत्तरं उमटू लागली. नाही सर. नाही सर. अजिबात नाही सर.

टेबलावरच्या ट्रेमध्ये नळी अजून वेष्टनातच होती. विठाबाई दारातून हातानं नको नको म्हणत होत्या. अम्मारानं माइक चालू केला.

"आहे, सर," ती म्हणाली.

नाव पडद्यावर दिसतच होतं, तरी तिनं ते पूर्ण सांगितलं. अम्मारा वाहिद तांबोळी, कार्ले.