काठोकाठ भरलेला पियाला

मर्गिलान शहरातल्या तुर्दिअली हाफिजाला, म्हणजे गवयाला, देवानं गळा पहाडी दिला. अक्कल वाटताना मात्र हात आखडता घेतला, असं तो स्वतःच सांगे. उकळता चहा फुंकर न मारता पिण्याची त्याची कोण मिजास! "आपला घसा लोखंडी आहे," म्हणायचा.

आता त्या लोखंडातून थुंकीही उतरेना. गिळलं की काटा टोचे. आणि शुक्रवारी त्याच्या उस्तादांच्या पुण्यस्मरणाला, त्यांच्या रीतीनं, आवाज दूर फेकायला बशी तोंडाशी धरून, देवाची कवनं गायची होती. उस्तादांना शेवटच्या घटकेला दिलेला शब्द होता तो.

त्याची बायको मुकद्दम हिनं दुंबा मेंढ्याची चरबी घालून चहा दिला. तोही उकळता. दुखणं वाढलं तसा चहा वाढला.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी बॅटरी मारून पाहिलं. "काका, घसा पोळलाय. औषध काय घेताय?"

"उकळता चहा."

"आणि पोळला कशानं?"

तुर्दिअलीचं तोंड तपासणीसाठी उघडं होतंच. ते तसंच राहिलं.

"सगळं कोमट, मऊ खायचं. तिखट बंद. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या. आठवड्यात उतार नाही पडला, किंवा घास अडकायला लागला, तर परत यायचं. मिजास घरी ठेवून."

शुक्रवारपर्यंत काटा बराच बोथटला. उस्तादांचा मुलगा रुझीबोय यानं मानाच्या पाहुण्याला ओततात तसा दोनच घोट वाफाळता चहा ओतला.

"काठोकाठ भर," तुर्दिअली म्हणाला.

बैठकीतल्या माना वळल्या. पियाला भरून देणं म्हणजे पाहुण्याला 'आता निघा' म्हणणं!

रुझीबोयचे डोळे भरले. "हाफिजकाका, माझं काही चुकलं का? मी तुम्हाला जा म्हणू?"

"तू नाही रे बाळा. माझा घसाच मला जा म्हणत होता, मी त्याला आणखी भाजत होतो. भर. भरलेला ठेवून देईन, निवला की कडव्याकडव्याला घोट घेईन."

"लोखंड वितळलं म्हणायचं!" कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं.

"लोखंड कसलं, टरफल होतं!" तुर्दिअली म्हणाला, आणि सगळ्यांआधी हसला.

मग त्यानं बशी उचलली. वरचा सूर चिरकला. तुर्दिअली खालच्या सुरावर उतरला, पण थांबला नाही. शेवटच्या कडव्याला रुझीबोय हमसून रडला. डोळे पुसत त्यानं मायेनं पियाला पुन्हा काठोकाठ भरला.

तो बघताच तुर्दिअली जन्माच्या सवयीनं उठला आणि जोडे शोधू लागला.